युरिया की शेणखत? बागेच्या मातीचं साधं गणित

मुळाला नायट्रेट, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातला नायट्रोजन, मिळालं की ते युरियाच्या गोणीतून आलंय का म्हशीच्या शेणातून हे काही मुळाला कळत नाही, ते सरळ ओढून घेतं. हे आधीच सांगून टाकते, कारण "केमिकल घातलं म्हणजे झाडात विष गेलं" म्हणणारे आणि "शेणात काय असतंय, युरिया टाका चार दिवसांत हिरवंगार" म्हणणारे दोघंही सल्ला द्यायला कायम हजर असतात आणि नवीन माणूस मधल्यामधे गोंधळतो. माझं मत सांगायचं तर मातीत आधी सेंद्रिय माल भरा, दोन-तीन वर्षं नेटाने भरत राहा, आणि रासायनिक खत लागलंच तर चमच्याने द्या. आणि हो, जमिनीतली बाग आणि कुंडीतली बाग यांचं उत्तर वेगळं आहे, ते खाली येईलच.

झाडाला फरक कळत नसेल तर मग एवढा शेणखताचा आग्रह कशाला? तर फरक मातीला पडतो. इंग्लंडमधे रोदॅमस्टेड म्हणून संशोधन केंद्र आहे, तिथे एकाच शेतात १८४३ पासून गहू घेतायत, काही पट्ट्यांना दरवर्षी फक्त शेणखत, काहींना फक्त रासायनिक खत, आणि एका पट्ट्याला काहीच नाही. गंमत अशी की भरपूर रासायनिक खताच्या पट्ट्यात आणि शेणखताच्या पट्ट्यात गहू वर्षानुवर्षं जवळपास सारखाच आला, म्हणजे पोट दोघांनी भरलं. पण शेणखताच्या पट्ट्यातला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या मालातून मातीत साठलेला कार्बन, मात्र रासायनिकवाल्याच्या दुपटीहून जास्त झाला. आता तिथला गारवा आणि आपला एप्रिल-मे यात जमीन-अस्मानाचा फरक, आपल्याकडे उन्हाने सेंद्रिय माल भराभर जळून जातो, त्यामुळे आपल्याला सारखी भर घालत राहावी लागते. एकदा ट्रॉलीभर शेणखत टाकलं आणि पाच वर्षं बघितलं नाही असं इथे चालत नाही.

पोत्यावरचे आकडे

खताच्या पाकिटावर जे तीन आकडे असतात ते नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) या क्रमाने, टक्क्यात. युरिया म्हणजे ४६:०:०, फक्त नत्र. डीएपी १८:४६:०. सिंगल सुपर फॉस्फेटमधे १६ टक्के स्फुरद आणि सोबत गंधक आणि कॅल्शियम. एमओपी म्हणजे पोटॅश, ६० टक्के. सुफला म्हणतात ते १५:१५:१५. आणि बाल्कनीवाल्यांमधे जास्त चालतं ते पाण्यात विरघळणारं १९:१९:१९.

सेंद्रियमधे हे आकडे बघितले तर हसू येईल. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्धा टक्का, फार तर एक. गांडूळखत एक-दीड टक्का. निंबोळी पेंड त्यातल्या त्यात दमदार, पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे नुसतं नत्राच्या भावाने बघितलं तर शेणखत हा वाईट सौदा आहे, त्यात अनुदानाच्या युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. (ती गोणी शेतीसाठी आहे बरं का, खताच्या दुकानात आधार आणि अंगठा लागतो, दोन कुंड्यांसाठी कुणी ती आणायला जाऊ नका, नर्सरीत पावशेर-अर्धा किलोची पाकिटं मिळतात.)

पण शेणखत, कंपोस्ट आपण नत्रासाठी घालतच नाही मुळी. मातीतला कुजून स्थिरावलेला जो काळा भाग, ह्यूमस, ती एफडी आहे आणि युरिया म्हणजे खिशातली सुटी नोट. ह्यूमसमधला नत्र वर्षाला साधारण दोन-तीन टक्केच मोकळा होतो, व्याजासारखा, तोही जिवाणू जागे असतील आणि मातीत ओल असेल तेव्हाच, म्हणजे नेमकं झाड वाढायच्या दिवसांत. युरियाचं उलट. ओल्या मातीत पडला की काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो, मग दोन-तीन आठवड्यांत नायट्रेट, आणि नायट्रेटला मातीचा कण धरून ठेवत नाही, जोराचा पाऊस आला की ते पाण्याबरोबर खाली. त्यात काळ्या चुनखडीच्या जमिनीवर युरिया नुसता वरती भुरभुरवला आणि पाणी दिलं नाही तर बराचसा अमोनिया होऊन हवेत. २०१५ पासून आपल्याकडचा सगळा युरिया निंबोळी तेलाचा मुलामा देऊन येतो तो ही नायट्रेट व्हायची क्रिया जरा हळू व्हावी म्हणून.

शिवाय ह्यूमस पाणी धरतो, मातीचे कण एकमेकांना चिकटवून रवाळ करतो, जस्त-लोहासारखी बारीकसारीक द्रव्यं मुळाला मिळतील अशी धरून ठेवतो, आणि गांडुळांपासून बुरशीपर्यंत सगळ्यांना खायला देतो. यातलं एकही काम युरियाच्या दाण्याला जमत नाही.

आधी माती बघा, खत नंतर

सगळ्यात सोपी परीक्षा पेल्यातली. बागेतलं लिंबाएवढं ढेकूळ घ्या, दोन दिवस सावलीत पूर्ण सुकू द्या, मग काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात अलगद सोडा आणि हलवू नका. आधी बुडबुडे येतील. सेंद्रिय माल कमी असलेलं ढेकूळ मिनिटा-दोन मिनिटांत कडेकडेने ढासळायला लागतं, पाणी गढूळ होतं आणि पाच मिनिटांत पेल्याच्या तळाशी नुसता चिखल. चांगल्या मातीचं ढेकूळ तासाभराने पण आकार धरून बसलेलं असतं आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ. हेच पावसात तुमच्या वाफ्यात होतं, ढासळणारी माती वरून पापुद्रा धरते, पाणी आत जात नाही, वाहून जातं, आणि मग आपण म्हणतो एवढा पाऊस झाला तरी झाडं तहानलेली कशी. त्याच जमिनीतलं दुसऱ्या जागेचं ढेकूळ पण शेजारी दुसऱ्या पेल्यात टाकून बघा, उदाहरणार्थ आंब्याखाली जिथे वर्षानुवर्षं पालापाचोळा पडून कुजतोय तिथलं. फरक बघितला की पुढचं सगळं मी न सांगता पटेल.

दुसरं, फूटभर खड्डा करून पाणी भरा, ते जिरलं की परत भरा, आणि दुसऱ्या वेळी किती वेळ लागतो ते बघा. चार-पाच तासांनी पण पाणी तसंच असेल तर ड्रेनेजची बोंब आहे, तिथे कुठलंही खत घाला, मुळं कुजणारच.

नवीन सोसायटीत किंवा रो-हाऊसमधे राहत असाल तर आणखी एक काम, खुरप्याने नाही, पहारीने खणून बघा. बिल्डरने वर चार इंच लाल माती पसरलेली असते आणि खाली राडारोडा, विटांचे तुकडे, वाळू, सिमेंट. सिमेंटमुळे माती अजून अल्कधर्मी होते आणि लोह अडकतं. असा राडारोडा निघाला तर तो शक्य तेवढा उपसून टाका, त्याला खताचा उपाय नाही.

आणि जमिनीतली बाग असेल तर एकदा सॉइल टेस्ट कराच. कृषी विज्ञान केंद्र, कृषी महाविद्यालय, जिल्ह्याची माती तपासणी प्रयोगशाळा, कुठेही होते. सहा-आठ ठिकाणची, अर्धा फूट खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातली अर्धा किलो द्यायची, खत घातल्या घातल्या नाही, आणि उकिरड्याच्या किंवा झाडाच्या बुंध्याजवळची नको. रिपोर्टमधे तीन गोष्टी आधी बघा. सेंद्रिय कर्ब: अर्ध्या टक्क्याखाली असेल तर कमी, पाऊण टक्क्याच्या वर असेल तर चांगला. पीएच, म्हणजे माती आम्ल आहे की अल्क त्याचं माप: साडेसहा ते साडेसात असेल तर निवांत राहा. आणि ईसी, म्हणजे क्षार, ते एकच्या खाली हवे. नत्र-स्फुरद-पालाश त्यानंतर.

किती सेंद्रिय माल लागतो, खरोखर

इथे लोक फसतात. १०० चौरस फुटांचा वाफा, अर्धा फूट खोल, यात साधारण पावणेदोन-दोन टन माती असते. त्यात सेंद्रिय पदार्थ एक टक्क्याने वाढवायचा म्हणजे १८-२० किलो पक्का ह्यूमस मातीत टिकला पाहिजे. कंपोस्टच्या पोत्यात निम्मं तर पाणी आणि माती-राखच असते, उरलेल्यातलं बरंच जिवाणू खाऊन हवेत सोडतात. म्हणजे पाच किलोची गांडूळखताची पिशवी आणून वाफ्यावर भुरभुरवली तर ती मातीला कळणार पण नाही. माझा हिशोब असा, पहिल्या वर्षी १०० चौ. फुटाला चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आठ-दहा घमेली, मेच्या शेवटी किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर वाफसा आला की वरच्या चार-सहा इंचात मिसळायचं. नंतर दरवर्षी चार-पाच घमेली, नुसतं वर पसरलं तरी चालतं, गांडुळं नेतात खाली. वाफसा नसताना, म्हणजे माती चिकट असताना, काळी माती खणायला जाऊ नका, ढेकळं अशी बनतात की दगड बरे.

आता हेच नत्राच्या बाजूने बघा म्हणजे सेंद्रियवाल्यांनाही जरा जमिनीवर आणता येईल. टोमॅटो-वांग्यासारख्या भाजीला हंगामात १०० चौ. फुटाला ९०-१०० ग्रॅम नत्र लागतं असं धरा. एक टक्का नत्राच्या कंपोस्टमधे ते दहा किलोत आहे, पण पहिल्या हंगामात त्यातलं पाचवा हिस्साच मोकळं झालं तर ५० किलो कंपोस्ट लागेल. तेच युरियाने २०० ग्रॅममधे होतं. त्यामुळे नवीन, कस नसलेल्या वाफ्यात पहिल्या वर्षी "फक्त सेंद्रिय" म्हणून हट्ट धरला आणि भाज्या पिवळ्या, खुरटलेल्या राहिल्या तर नवल नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी मात्र एफडी साठलेली असते, तेव्हा व्याजावर भागतं.

माल आणायचा कुठून

शहरात शेणखत विकत घेताना नीट बघून घ्या. कच्चं शेण असेल तर वास येतो, ओलसर गोळे असतात, आणि त्यात हुमणीच्या अळ्या येतात, पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, डोकं तपकिरी. त्या मुळं खातात आणि गुलाब अचानक माना टाकतो. चांगलं शेणखत काळपट, हलकं, हातात चुरा होणारं आणि मातीच्या वासाचं असतं. शंका असेल तर ताडपत्रीवर पसरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, कोंबड्या-साळुंक्या उरलेलं काम करतात. लेंडीखत मिळालं तर सोडू नका, जरा भिजवून फोडून घ्यावं लागतं पण शेणखतापेक्षा कस जास्त.

पण सगळ्यात मोठा साठा फुकट पडलेला असतो आणि आपण त्याला काडी लावतो. फेब्रुवारी-मार्चमधे पानगळ सुरू झाली की सोसायट्यांमधे पाचोळा झाडून पेटवायचा कार्यक्रम असतो. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवा, पोती भरून देतील. तो पाचोळा तीन कामांना येतो: कंपोस्टला, वाफ्यावर आच्छादनाला, आणि कुंडीच्या तळाला.

कंपोस्ट करायला आपल्या भागात गुरूंची कमी नाही खरं तर. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसून आपल्याच शेतकऱ्यांच्या पद्धती बघत थर लावून कंपोस्ट करायची रीत बसवली, जगभर ती इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजे नाडेप काका, त्यांची विटांची जाळीदार भिंतीची टाकी, १० बाय ६ बाय ३ फूट, थोड्या शेणात ढीगभर काडीकचरा कुजवायची. अंगणवाल्यांनी त्याचीच छोटी आवृत्ती करायची, चार फूट बाय चार फूट, विटांमधे फटी ठेवून, सिमेंट नको. फ्लॅटवाल्यांना भोकं पाडलेला ड्रम किंवा जुना माठ पुरतो.

रीत एकच लक्षात ठेवा, ओल्या हिरव्या कचऱ्याच्या एका डब्याला सुक्या पाचोळ्याचे दोन डबे. भाजीची देठं, फळांची सालं, निर्माल्य हे नत्राचं, सुकी पानं, कागदाचा पुठ्ठा, भुसा हे कर्बाचं. जिवाणूंना साधारण २५-३० भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं, ते या प्रमाणात आपोआप बसतं. नुसता ओला कचरा टाकला तर घाण वास, चिलटं, आणि शेजाऱ्यांची तक्रार. नुसता पाचोळा टाकला तर वर्षभर तसाच. मधे मधे मूठभर जुनं कंपोस्ट किंवा आंबट ताक मारा. ओलावा एवढाच की मुठीत दाबलं तर बोटांत दमटपणा लागावा पण थेंब पडू नये. मोठ्या ढिगात चौथ्या-पाचव्या दिवशी हात घातला तर चांगलाच चटका बसतो, म्हणजे काम सुरू झालं. मधेच पांढरी बुरशी दिसते, करड्या अळ्या वळवळताना दिसतात, त्या काळ्या सैनिक माशीच्या, फडशा पाडतात कचऱ्याचा, घाबरून औषध मारू नका. पंधरा दिवसांनी उलथापालथ. तीन-चार महिन्यांत चाळून घ्या, वर राहिलेलं परत ढिगात.

अर्धं कच्चं कंपोस्ट मात्र मुळाशी मिसळू नका. त्यात कर्ब जास्त असतो, तो पचवायला जिवाणू मातीतलंच नत्र ओढतात आणि झाड पिवळं पडतं. लाकडाचा भुसा तर याबाबतीत महाबिलंदर, तो मातीत मिसळायचाच नाही. वर आच्छादन म्हणून टाकला तर चालतो.

ज्यांच्याकडे मोकळा वाफा आहे त्यांनी जूनमधे ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिकं पेरून टाका, ४०-४५ दिवसांनी फुलं यायच्या आधी कापून तिथेच मातीत गाडा, पंधरा दिवसांनी लागवड. कुंपणाला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावलं असेल तर त्याचा पाला छाटून पसरायचा, पावसाळ्यात दर महिन्याला मिळतो आणि नत्राने भरलेला असतो.

आच्छादनाबद्दल एवढंच की मातीला उघडं ठेवू नका. तीन-चार इंच पाचोळा, उसाचं पाचट, काहीही, फक्त खोडापासून चार बोटं लांब. उन्हाळ्यात पाणी निम्म्यावर येतं. वाळवीचा त्रास असलेल्या ठिकाणी थर पातळ ठेवा आणि निंबोळी पेंड मिसळा.

काळी, लाल आणि कोकणातली

देशावरची काळी माती मुळात श्रीमंत असते, द्रव्यं धरून ठेवायची ताकद भरपूर, पण पीएच आठच्या आसपास आणि पोटात चुनखडी. तिथे मोगरा, गुलाब, लिंबू, कढीपत्ता यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, आणि ती नत्राची समजून लोक युरिया ओतत बसतात. नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी पिवळी पडतात, लोह कमी असेल तर वरची नवीन, हा फरक पाठ करून टाका. उपाय म्हणून लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड, संध्याकाळी पानांवर फवारायचं, आठ-दहा दिवसांनी परत. फरशीवर पडू देऊ नका, डाग जात नाहीत. कायमचा इलाज कंपोस्ट आणि पाण्याचा निचरा. अशा मातीत चुलीची राख घालायची नाही, राख पीएच अजून वर नेते.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याची लाल माती, आम्लधर्मी, आणि अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. तिथे सगळं वाहूनच जातं, स्फुरद तर लोहा-अॅल्युमिनियमला चिकटून बसतो. तिथे राख थोडी चालते, उलट फायद्याची. जुलैच्या मुसळधारेत युरिया देणं म्हणजे समुद्राला खत घालणं. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेरीला द्या, आणि नारळ-सुपारीच्या आळ्यात झावळ्या, शेंड्या, गिरिपुष्पाचा पाला सारखा भरत राहा, जुनी माणसं हेच करायची.

रासायनिक कधी आणि कसं

मी ते सोवळ्याने दूर ठेवत नाही. नवीन वाफ्यातल्या भाजीला, जोमाने फुलणाऱ्या गुलाब-शेवंतीला, आणि रिपोर्टमधे एखादं द्रव्य खरंच कमी निघालं असेल तेव्हा द्यायचं. १०० चौ. फुटाला एका वेळी युरिया ५० ग्रॅम, अंदाजे एक मूठ, त्याच्यावर नाही, आणि असे हंगामात तीन-चार हप्ते, दर तीन आठवड्यांनी. माती ओली पाहिजे, खोडापासून लांब गोल चर काढून टाकायचं, मातीने झाकायचं आणि लगेच पाणी. दुपारच्या उन्हात नको. कोरड्या मातीत दाणे मुळाजवळ पडले तर ते उलटं मुळातलंच पाणी ओढतात आणि पानांच्या कडा करपतात, "खताने झाड जळालं" म्हणतात ते हेच. गांडुळांचंही तसंच, एका जागी ओंजळभर ओतलं तर तिथली मरतात, पसरून पाण्याबरोबर थोडं दिलं तर एवढं काही होत नाही. फुलं यायच्या सुमारास युरिया बंद करा, नाहीतर पानंच पानं आणि सोबत मावा.

डीएपी दरवर्षी सवयीने टाकणाऱ्यांनी जरा थांबा. स्फुरद मातीत साठत जातो आणि जास्त झाला की जस्त आणि लोह अडवतो. हे शेणखत आणि हाडांच्या चुऱ्यालाही लागू आहे, सेंद्रिय आहे म्हणून कितीही चालतं असं नाही.

कुंडीवाल्यांसाठी

कुंडीत दहा-बारा लिटर माती, तिच्यात एफडी ठेवणार किती? आणि रोज पाणी घालून खालून निघून जातं ते वेगळं. त्यामुळे कुंडीत नुसत्या कंपोस्टवर मोठं फुलझाड वर्षभर जोमात ठेवणं अवघड, शक्य नाही असं नाही. मिश्रण मी असं करते, दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि मोठ्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात, आणि त्यात खत म्हणावं असं काही नसतं हे लक्षात असू द्या. कंपोस्ट एक तृतीयांशच्या वर नेऊ नका, सहा महिन्यांत ते बसतं, कुंडी अर्धी रिकामी दिसते आणि पावसाळ्यात चिखल होतो.

दर दोन महिन्यांनी वरची इंचभर माती काढून त्या जागी कंपोस्ट. बाकी वाढीच्या काळात १९:१९:१९ लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. गच्चीवर बोअरचं पाणी असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरट थर धरतो, ते क्षार. तेव्हा खत बंद, वरचा थर खरवडून टाका आणि कुंडीच्या दुप्पट पाणी हळूहळू ओतून खालून निचरू द्या, पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम.

जे सल्ले मी ऐकत नाही

अंड्याची टरफलं काळ्या मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात, तिथे कॅल्शियमला तोटाही नसतो, कंपोस्टमधे टाका हवं तर. केळ्याच्या सालीचं पाणी म्हणजे थोडंसं पोटॅश आणि भरपूर चिलटं, सालं ढिगात जास्त कामाची. चहाचा चोथा धुऊन घेतला नाही तर साखरेने मुंग्या हमखास. जीवामृत (२०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती) करणारे करतात आणि मातीत पाचोळा असेल तर कुजायला त्याची मदत होते, पण दहा किलो शेणात नत्र असून असून किती असणार? ते दोनशे लिटरमधे पातळ करून ओतायचं आणि खत दिलं म्हणायचं, हे मला पटत नाही. मातीवर खायला आच्छादनच नसेल तर ते जिवाणू करणार काय.

आणि उरलेला युरिया पाकिटाचं तोंड बांधून कोरड्या डब्यात ठेवा, पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून त्याचा दगड होतो. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा, मिठासारखा दिसतो म्हणून स्वयंपाकघरात नकोच, आणि गावाकडे असाल तर गाई-म्हशींच्या तोंडाला लागणार नाही अशा जागी, कारण गुरांना युरिया विषारी आहे, थोडाही पोटात गेला तरी जीवावर बेततं.